लोर बार्डची दहा कौशल्ये कोणती असावीत आणि एक्सपर्टीज कशाला द्यावी?

बर्डीची_बार्ड

नमस्कार मंडळी,

आम्ही पाच जण दर शनिवारी रात्री डिस्कॉर्डवर एकत्र येऊन डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन फाशांवर खेळायचा कथेचा खेळ खेळतो. नकाशा आणि फासे रोल20 वर असतात. आमचे डीएम (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारे) आणि मी नागपुरात राहतो, बाकीचे तिघे शिक्षण आणि नोकरीनिमित्त बाहेरगावी गेले आहेत, त्यामुळे आठवड्यातून एकदा सगळ्यांनी भेटण्याचे ठिकाण आता हा खेळच झाला आहे. मे महिन्यात माझ्या माइकमधून कूलरचा आवाज सगळ्यांच्या कानात जातो म्हणून मी बोलण्यापुरता कूलर बंद करते आणि बोलून झाले की पुन्हा लावते. इतका त्रास घेऊन खेळते, म्हणून पात्रही विचारपूर्वक घडवावे असे वाटते.

आम्ही पाचव्या आवृत्तीचे 2014 चे नियम वापरतो. माझे पात्र हाफ-एल्फ वंशाची बार्ड (गाण्या-वाजवण्यातून जादू करणारी) असून येत्या शनिवारी ते तिसऱ्या लेव्हलला जाईल आणि तेव्हा मी कॉलेज ऑफ लोर ही बार्डची ज्ञान आणि कौशल्यांवर भर देणारी शाखा घेणार आहे. तलवारबाजीत मला रस नाही. हे पात्र मला पूर्णपणे स्पेलच्या (मंत्रांच्या) बळावर चालवायचे आहे. स्ट्रेंग्थ 9, डेक्स्टेरिटी 14, कॉन्स्टिट्यूशन 14, इंटेलिजन्स 12, विज्डम 12 आणि करिझ्मा 16 असे माझे आकडे आहेत. आम्ही सगळेच नवखे असल्यामुळे आतापर्यंतची कौशल्यांची निवड पुसून ती नव्याने करण्याची मुभा डीएमने एकदाच दिली आहे. बार्डची तीन, हाफ-एल्फची दोन, पार्श्वभूमीची दोन आणि लोरची तीन अशी एकूण दहा कौशल्ये माझ्या वाट्याला येतात, आणि त्यांपैकी दोनांना एक्सपर्टीज, म्हणजे प्रावीण्याचा दुप्पट आकडा, मिळते.

सध्या माझी पार्श्वभूमी एन्टरटेनर आहे, म्हणून ॲक्रोबॅटिक्स आणि परफॉर्मन्स ही दोन आपोआप आली आहेत. एक्सपर्टीज परफॉर्मन्स आणि अर्कानाला द्यावी असे माझ्या मनात आहे, कारण एक गाण्याचे कौशल्य आहे आणि दुसरे जादूचे. गटात एक फायटर (योद्धा), एक ड्रुइड (निसर्गाची जादू करणारा) आणि एक विझार्ड (जादूगार) आहे. रोग, म्हणजे चोरी-टेहळणीत तरबेज पात्र, कोणीच नाही, त्यामुळे कुलपे उघडण्यासाठी नॉक हा स्पेल मी घ्यावा असे सर्वांचे म्हणणे आहे.

गेल्या शनिवारी एका जकात नाक्यावर आम्ही अडकलो होतो. मी पहारेकऱ्यावर चार्म पर्सन हा मोहिनीचा स्पेल वापरला आणि आम्ही हसतखेळत आत गेलो. पण तासाभराने स्पेल संपताच आपल्यावर जादू झाली होती हे त्याला कळले आणि रात्री धर्मशाळेचे दार ठोठावायला तो सहा शिपाई घेऊन आला. तेव्हापासून माझ्या मनात असे घोळते आहे की स्पेलने करायचे काम कोणते आणि कौशल्याने करायचे काम कोणते, हे मी अजून नीट वेगळे केलेले नाही. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

शून्यमैल

ताई, तुमच्या शेवटच्या वाक्यातच प्रश्नाचे मर्म आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. मी गेली काही वर्षे डीएम म्हणून खेळ चालवतो आहे आणि स्पेलवर भर देणाऱ्या बार्डची एकच चूक मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे: आपण जादूगार आहोत म्हणून कौशल्येही जादूची घ्यायची, आणि मग जिथे नुसते बोलून भागले असते तिथे स्पेल खर्च करायचा. तिसऱ्या लेव्हलला तुमच्याकडे पहिल्या पातळीचे चार आणि दुसऱ्या पातळीचे दोन, असे एकूण सहा स्लॉट (स्पेल करण्याच्या संधी) असतील, आणि ते लाँग रेस्ट (रात्रभराची विश्रांती) घेतल्याशिवाय परत मिळणार नाहीत. कौशल्याला असा हिशेब नाही. दिवसभरात पन्नास वेळा वापरले तरी ते संपत नाही. म्हणून दहा कौशल्ये निवडताना, जे काम स्पेलने होत नाही, किंवा होते पण मागे माग सोडते, ते काम कोणते, हे आधी शोधावे.

नाक्याचा प्रसंग याचे उत्तम उदाहरण आहे. चार्म पर्सन संपला की समोरच्याला ते कळते, असे त्या स्पेलच्या वर्णनातच लिहिले आहे. फ्रेंड्स या कँट्रिपचेही (स्लॉट न लागणाऱ्या छोट्या स्पेलचेही) तेच, तिथे तर माणूस उघड वैर धरतो. शिवाय बहुतेक स्पेल करताना शब्द उच्चारावे लागतात आणि हातवारे करावे लागतात, म्हणजे भर दरबारात तुम्ही डिटेक्ट थॉट्स (मनातले विचार वाचणारा स्पेल) सुरू केलात तर दहा लोकांना ते दिसते. परस्वेजनने (मन वळवण्याच्या कौशल्याने) पटवलेला पहारेकरी मात्र रात्री शिपाई घेऊन येत नाही, कारण त्याला जे पटले ते त्याचे स्वतःचे मत असते.

नॉकबद्दल तर मी आग्रहाने सांगेन की तो घेऊ नये. तो स्पेल करताच मोठा ठोका पडतो आणि तो 300 फुटांपर्यंत ऐकू जातो. चोरपावलांनी गोदामापर्यंत जायचे आणि मग दारावर घण मारल्यासारखा आवाज करायचा, यात काय अर्थ आहे? तिसऱ्या लेव्हलच्या बार्डला एकूण सहाच स्पेल येतात. त्यांतला एक असा घालवू नका. याला सोपा पर्याय आहे. 2014 च्या नियमांत पार्श्वभूमी आपल्याला हवी तशी बदलता येते: कोणतीही दोन कौशल्ये, आणि तयार पार्श्वभूमींमध्ये दिलेल्या साधनांपैकी किंवा भाषांपैकी कोणत्याही दोन. एन्टरटेनरमध्ये तुम्हाला डिसगाइज किट आणि एक वाद्य मिळते. वाद्ये तर बार्डला पहिल्या लेव्हललाच तीन मिळतात, चौथ्याची गरज नाही. त्याच्या जागी थीव्हज टूल्स (कुलपे उघडण्याची हत्यारे) घ्या. साध्या कुलपाचा डीसी, म्हणजे वीस बाजूंच्या फाशात आपले आकडे मिळवून गाठायची संख्या, 15 असतो. तुमची डेक्स्टेरिटी अधिक दोन (14 साठी मिळणारा आकडा) आणि प्रावीण्य (शिकलेल्या गोष्टीसाठी मिळणारा आकडा) दोन असे चार मिळवून फाशावर 11 किंवा वर पडले की कुलूप उघडते, म्हणजे निम्म्या वेळा, तेही आवाज न करता. मात्र बार्डची एक्सपर्टीज फक्त कौशल्यांना लागते, साधनांना नाही, त्यामुळे हा आकडा दुप्पट करता येणार नाही, हे आधीच लक्षात असू द्या.

आता आकडेमोड. दुसऱ्या लेव्हलला तुम्हाला जॅक ऑफ ऑल ट्रेड्स मिळाले आहे, म्हणजे जे कौशल्य तुम्हाला येत नाही त्यातही प्रावीण्याचा अर्धा आकडा मिळतो. सध्या प्रावीण्य दोन आहे, त्याचा अर्धा एक. तेव्हा परस्वेजन मुळीच न घेता तुमचे चार (करिझ्मा 16 चे तीन अधिक हा एक) होतात, घेतल्यास पाच आणि एक्सपर्टीज दिल्यास सात. डीसी 15 समोर असेल तर यश अनुक्रमे 50, 55 आणि 65 टक्के. म्हणजेच आज कौशल्य घेणे आणि न घेणे यांत फक्त एका आकड्याचा फरक आहे. खरी उडी एक्सपर्टीजची आहे. पण नवव्या लेव्हलला प्रावीण्य चार होईल आणि तुमचा करिझ्मा बहुधा 20 असेल. तेव्हा हेच आकडे सात, नऊ आणि तेरा असतील, आणि डीसी 20 च्या कामात यश 40, 50 आणि 70 टक्के असेल. तुमचा खेळ दीर्घकाळ चालणार असेल तर ही दरी वाढतच जाणार आहे, म्हणून एक्सपर्टीज आजचा प्रसंग पाहून देऊ नका.

तुमच्या गटाकडे पाहता विझार्डकडे अर्काना आणि इन्व्हेस्टिगेशन असणार, ड्रुइडकडे पर्सेप्शन (आजूबाजूचे टिपणे) आणि नेचर, फायटरकडे ॲथलेटिक्स. समोरच्याशी बोलणारा, त्याचे खरेखोटे ओळखणारा माणूस तुमच्याशिवाय कोणी नाही. माझा सल्ला असा की एक्सपर्टीज परस्वेजन आणि इनसाइटला (माणसाचे मन ओळखण्याला) द्यावी. अर्काना विझार्डवर सोडून द्यावे. त्याचे इंटेलिजन्स तुमच्यापेक्षा जास्तच असेल, आणि एकाच कामासाठी दोघांनी जागा अडवण्याचे कारण नाही.

वैनगंगा

शून्यमैल दादांशी परस्वेजनबाबत मी पूर्ण सहमत आहे, पण इनसाइटला एक्सपर्टीज देण्याआधी थोडे थांबावे असे मला वाटते. इनसाइट कितपत उपयोगी पडेल हे सर्वस्वी डीएमवर अवलंबून असते. काही डीएम खोटे बोलणाऱ्या पात्राचा आवाजच असा काढतात की फासा न टाकताही कळावे. काही जण यशस्वी चेकनंतरही (फासा टाकून घेतलेल्या परीक्षेनंतरही) "तो अस्वस्थ वाटतो" एवढेच सांगून थांबतात. त्यापेक्षा स्टेल्थला (लपूनछपून वावरण्याला) एक्सपर्टीज द्यावी. रोग नसलेल्या गटात पुढे जाऊन टेहळणी करणारा कोणीतरी लागतोच, आणि तुमची डेक्स्टेरिटी चांगली आहे.

तुम्ही रोल20 वर खेळता, तर टाकलेल्या प्रत्येक फाशाची नोंद तिथल्या चॅटमध्ये राहते. मागील काही खेळांच्या नोंदी उघडून डीएमने कोणते चेक किती वेळा मागितले ते पाहावे, असे सुचवते.

जुना_फासा

मी 2003 मध्ये आलेल्या साडेतीनव्या आवृत्तीपासून खेळतो आहे. तेव्हा कॉन्सन्ट्रेशन (स्पेल करताना राखायची एकाग्रता) हे एक कौशल्यच होते आणि स्पेल करणाऱ्या प्रत्येक पात्राने त्यात दर लेव्हलला गुण टाकायचे, हा ठरलेला शिरस्ता होता. जुने लेख वाचून आलेले नवे खेळाडू अजूनही मला विचारतात की बार्डने कॉन्सन्ट्रेशन कुठे शिकायचे. पाचव्या आवृत्तीत ते कौशल्य राहिलेले नाही. चालू स्पेल टिकवण्यासाठी मार बसला की कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह (बचावाचा फासा) टाकायचा; डीसी 10 किंवा बसलेल्या माराच्या निम्मा, यांपैकी जो मोठा तो. बार्डला कॉन्स्टिट्यूशन सेव्हचे प्रावीण्य नसते, म्हणून तुमचे अधिक दोनच राहतील आणि डीसी 10 ला यश 65 टक्के. हे सुधारायचे असेल तर चौथ्या लेव्हलला वॉर कास्टर ही खास क्षमता घ्यावी, त्यामुळे दोन फासे टाकून मोठा धरता येतो आणि हेच यश सुमारे 88 टक्क्यांवर जाते. दहा कौशल्यांच्या निवडीत ही चिंता मिसळू नका.

कौशल्यांच्या बाजूने स्पेल वाचवणारी एक गोष्ट मात्र आहे आणि ती कोणी सांगत नाही, म्हणून लिहितो. ती म्हणजे ॲक्रोबॅटिक्स. तुमचे स्ट्रेंग्थ 9 आहे. एखाद्या राक्षसाने तुम्हाला पकडून धरले तर सुटण्यासाठी ॲथलेटिक्स किंवा ॲक्रोबॅटिक्स यांपैकी एकाचा चेक लागतो आणि त्यात तुमचा पूर्ण ॲक्शन (त्या पाळीतली मुख्य कृती) जातो. ॲथलेटिक्समध्ये तुमच्याकडे जॅकचा एक धरूनही शून्य, ॲक्रोबॅटिक्समध्ये प्रावीण्यासह चार. एन्टरटेनरने दिलेले ते कौशल्य काढून टाकू नका.

अर्कानाविषयीही दोन शब्द. सहाव्या लेव्हलला लोर बार्डला कोणत्याही वर्गाचे दोन स्पेल शिकता येतात आणि बहुतेक जण त्यांत काउंटरस्पेल (समोरच्याचा स्पेल मोडणारा स्पेल) घेतात. समोरचा कोणता स्पेल करतो आहे हे अर्कानाने ओळखून मग तो मोडावा, असा विचार तुम्ही केला असावा. पण 2017 मध्ये आलेल्या ऐच्छिक नियमानुसार स्पेल ओळखण्यासाठी रिॲक्शन (दुसऱ्याच्या पाळीतही करता येणारी झटपट कृती) खर्च होते, आणि काउंटरस्पेललाही तीच रिॲक्शन लागते. एका फेरीत रिॲक्शन एकच. म्हणून ओळखायचे विझार्डने, ओरडून सांगायचे त्याने, आणि मोडायचे तुम्ही. तुमचे डीएम एवढे बोलू देतात का ते विचारून घ्या. काउंटरस्पेल टाकताना मोठ्या पातळीच्या स्पेलविरुद्ध जो करिझ्माचा चेक लागतो, तो क्षमतेचा चेक असल्यामुळे त्यात जॅक ऑफ ऑल ट्रेड्सचा आकडा मिळतो. वॉर कास्टरऐवजी करिझ्मा वाढवून सहाव्या लेव्हलला तो 18 धरला तर पाचव्या पातळीचा स्पेल मोडण्यासाठी डीसी 15, आणि तुमचे चार अधिक एक. विझार्डला तो वरचा एक मिळत नाही. चालू जादू संपवणाऱ्या डिस्पेल मॅजिकलाही हाच नियम लागू आहे, आणि लढाईतला क्रम ठरवणाऱ्या इनिशिएटिव्हलाही. म्हणजे बार्डचे जादूचे प्रशिक्षण अर्कानात नसून जॅक ऑफ ऑल ट्रेड्समध्ये दडलेले आहे, आणि ते तुम्हाला फुकट मिळून गेले आहे.

जाता जाता एवढे सांगतो की हे सगळे 2014 च्या नियमांचे झाले. 2024 च्या नियमांत बार्डला एक्सपर्टीज दुसऱ्या आणि नवव्या लेव्हलला मिळते, आणि काउंटरस्पेलमध्ये समोरच्यालाच कॉन्स्टिट्यूशन सेव्ह टाकावा लागतो. दोन्हींची सरमिसळ करू नये.

शून्यमैल

वैनगंगा ताईंचा नोंदी पाहण्याचा सल्ला फार चांगला आहे. स्टेल्थला एक्सपर्टीज देण्याविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. गटात ड्रुइड आहे, आणि दुसऱ्या पातळीचा पास विदाउट ट्रेस हा त्याचा स्पेल आहे. तो केला की 30 फुटांच्या आत निवडलेल्या सर्वांना स्टेल्थमध्ये तासभरापर्यंत अधिक दहा मिळतात. शिवाय सगळा गट मिळून लपतो तेव्हा निम्मे यशस्वी झाले की गट यशस्वी धरण्याची पद्धत आहे. तुमचे स्टेल्थ चार असो वा सहा, चिलखताचा खणखणाट करणाऱ्या फायटरचा प्रश्न त्याने सुटत नाही. तो ड्रुइडच्या त्या दहाने सुटतो. म्हणून स्टेल्थ जरूर घ्यावे, एक्सपर्टीजविना.

लोर शाखेतून मिळणाऱ्या कटिंग वर्ड्स या क्षमतेचाही इथे विचार करा. समोरच्याने पर्सेप्शन किंवा इनसाइटचा चेक टाकला की साठ फुटांच्या आतून, रिॲक्शन वापरून, तुमच्या इन्स्पिरेशनचा (बार्ड एरवी साथीदारांना प्रोत्साहन म्हणून देते तो) फासा तुम्ही त्याच्या आकड्यातून वजा करू शकता. म्हणजे डिसेप्शन किंवा स्टेल्थमध्ये तुम्ही थोड्या कमी पडलात तरी समोरच्याला खाली ओढता येते. हे फासे सध्या दिवसाला तीनच असतील, आणि ज्याला तुमचा आवाज ऐकू येत नाही किंवा ज्याच्यावर चार्म चालत नाही त्याच्यावर याचा परिणाम होत नाही.

बर्डीची_बार्ड

सर्वांचे मनापासून आभार. मी दोन संध्याकाळी बसून मागील खेळांच्या नोंदी वाचल्या. सर्वांत जास्त वेळा पर्सेप्शन मागितले गेले होते, त्याखालोखाल परस्वेजन आणि स्टेल्थ. अर्काना नेहमी विझार्डनेच टाकले होते. इनसाइट अगदी मोजक्या वेळी आले होते, पण नोंदी नीट वाचल्यावर माझ्या लक्षात आले की प्रत्येक वेळी ते आमच्यापैकी कोणीतरी "हा खरे बोलतो आहे का?" असे विचारल्यामुळे आले होते. डीएमने आपणहून ते कधीच मागितले नाही. म्हणजे आम्ही विचारतच नव्हतो. नाक्यावरच्या पहारेकऱ्याबद्दलही मी विचारले नाही. तो पैशासाठी अडवतो आहे की वरिष्ठांच्या भीतीने, हे कळले असते तर कदाचित स्पेलची गरजच पडली नसती. डीएमना मी फोन करून विचारले की यशस्वी इनसाइटनंतर ते काय सांगतात. माणसाला नेमके काय हवे आहे किंवा तो कशाला घाबरतो आहे, यांपैकी एक गोष्ट ते स्पष्ट सांगतील असे म्हणाले. त्यामुळे वैनगंगा ताईंची शंका आमच्या टेबलापुरती तरी मिटली.

आता फक्त परफॉर्मन्सचा प्रश्न उरला आहे. ते एक्सपर्टीजच्या यादीतून गेले याचे वाईट वाटत नाही, पण दहातूनही काढावे का? जिला सादरीकरण येत नाही ती कसली बार्ड, असे मनात येते.

खडीगंमत

ताई, या प्रश्नाचे उत्तर तुमचे पात्र गाते की वाजवते यावर आहे. नियम असा आहे की एखाद्या वाद्याचे प्रावीण्य असेल तर ते वाजवतानाच्या चेकमध्ये प्रावीण्याचा आकडा मिळतोच, मग परफॉर्मन्स घेतलेले असो वा नसो. बार्डला तीन वाद्ये मिळतात. तेव्हा वाजवणाऱ्या बार्डने परफॉर्मन्स घेणे म्हणजे एकाच गोष्टीचे दोनदा पैसे देणे आहे. गाणाऱ्या, कथा सांगणाऱ्या, सोंग करणाऱ्या बार्डला मात्र वाद्याचा आधार नाही. तिथे परफॉर्मन्सच लागते.

माझे आजोबा खेड्यात खडी गंमत पाहायला रात्र रात्र जात आणि मलाही दोनतीनदा घेऊन गेले होते. डफ, तुणतुणे, ढोलकी आणि उभ्या उभ्या चाललेला सवालजवाब. लहानपणी मला वाटे की शाहिराची खरी ताकद त्याच्या गळ्यात आहे. पण एकदा मी अगदी पुढे, शाहिराच्या पायाशी बसलो होतो, तेव्हा पाहिले की तो गाताना सतत लोकांचे चेहरे वाचत होता. मागच्या बाजूला दोन म्हातारे उठू लागले तसे त्याने चालू कडवे तिथेच सोडून डफावर थाप मारली, त्यांच्याकडे हात करून एक ओळ जागच्या जागी जुळवली, आणि ते दोघे हसत खाली बसले. तुमच्या खेळाच्या भाषेत ते इनसाइट होते, आणि त्यानंतरची ओळ परफॉर्मन्स. म्हणून शून्यमैल दादांनी इनसाइटला एक्सपर्टीज सुचवली ती मला बार्डच्या स्वभावाला धरूनच वाटते. आणि तुमचे पात्र गाणारे असेल तर परफॉर्मन्स साध्या प्रावीण्यासह ठेवावे, कारण त्याशिवाय ते तुम्हालाच आपले वाटणार नाही.

शून्यमैल

खडीगंमत भाऊंचे म्हणणे मला मान्य आहे. मी आकड्यांच्या दृष्टीने परफॉर्मन्स काढायला सांगणार होतो, पण दहा जागा असताना एक जागा त्यासाठी द्यायला हरकत नाही. तीन-चार जागाच असत्या तर मी अडून बसलो असतो.

बर्डीची_बार्ड

माझे पात्र गाणारे आहे. डफ तिच्या हातात असतो, पण लोक थांबतात ते तिच्या आवाजासाठी. त्यामुळे परफॉर्मन्स ठेवले. परस्वेजन आणि इनसाइटला एक्सपर्टीज दिली. त्यांच्याबरोबर डिसेप्शन, पर्सेप्शन, स्टेल्थ, ॲक्रोबॅटिक्स, स्लाइट ऑफ हँड, हिस्टरी आणि रिलिजन अशी दहा पूर्ण झाली. पर्सेप्शन ड्रुइडकडे असूनही घेतले, कारण नोंदींमध्ये तेच सर्वांत वर होते आणि ड्रुइड अनेकदा पुढे गेलेला असतो. हिस्टरी आणि रिलिजन घेण्याचे कारण एवढेच की आमच्या डीएमच्या जगात जुनी देवळे आणि पडके किल्ले पावलोपावली आहेत आणि विझार्डने ती दोन्ही घेतलेली नाहीत. पार्श्वभूमीतले वाद्य सोडून थीव्हज टूल्स घेतली. नॉक घेतला नाही; दुसऱ्या पातळीच्या त्या जागी सजेशन (सुचवलेले करायला लावणारा स्पेल) घेतला आहे.

काल रात्रीचा खेळ झाला, म्हणून लगेच लिहिते आहे. शिपायांसह आलेला तोच पहारेकरी धर्मशाळेच्या दारात उभा होता. ड्रुइडने झटापटीची तयारी केली होती आणि मी या वेळी प्रथमच डीएमना विचारले की या माणसाला नेमके काय हवे आहे. इनसाइटवर फाशात 12 पडले, अधिक पाच. डीएम म्हणाले की त्याचा राग खरा आहे, पण त्याहून मोठी त्याची भीती आहे. नोंदवहीत आमची नावे नाहीत आणि सकाळी अधिकारी ती वही तपासणार आहे. मी कूलर बंद केला, पात्राच्या आवाजात त्याची माफी मागितली, आम्ही सगळे आत्ताच येऊन वहीत सह्या करतो आणि जकातही भरतो असे सांगितले. परस्वेजनवर फाशात 9 पडले. आधीच्या निवडीप्रमाणे ते 14 झाले असते, एक्सपर्टीजमुळे 16 झाले. डीएमने नंतर सांगितले की डीसी 15 होता.

त्यानंतर तळघरातली लढाई सुरू झाली तेव्हा माझे सहाही स्लॉट शाबूत होते.